साठ वॅटचा नंदादीप

अत्तार सरांच्या मते विजेचा दिवा ही मुळात शेगडी आहे आणि उजेड हा तिचा जोडधंदा. आलेली बहुतेक वीज तार तापवण्यात खर्ची पडते, चिमूटभर विजेचा उजेड होतो, आणि माणूस त्या चिमटीवर खूश राहतो. हे ते दर वर्षी अकरावीच्या वर्गाला सांगत आणि वर्ग दर वर्षी ते वहीत उतरवून घेई. सांगितलेलं सगळं उतरवून घ्यायचं आणि त्यातलं काही मानायचं नाही, अशी आमच्या शाळेची जुनी शिस्त होती.

गंमत एवढीच, की सोळा वर्षं सरांनी हे ज्या गावात शिकवलं त्या गावात वीजच नव्हती. सर एक उडालेला बल्ब वर्गात फिरवायला देत. पोरं तो कानाशी धरून हलवत, आतली तुटकी तार वाजते का ते ऐकत आणि पुढच्याकडे सरकवत. पेटलेला बल्ब पाहायचा तर राजूरच्या बाजाराला जावं लागे. तिथे गेलेलं पोरगं बल्ब सोडून भेळीकडे बघतं, अशी सरांची कायमची तक्रार होती.

मी त्या शाळेत मराठी शिकवायला गेलो तेव्हा चोवीस वर्षांचा होतो आणि माझी नोकरी कच्ची होती. हे आत्ताच सांगून ठेवतो, कारण पुढे माझं वागणं जसं आहे तसं का आहे, याचं माझ्याकडे तेवढंच उत्तर आहे आणि ते फारसं चांगलं नाही.

शाळा म्हणजे भैरोबाच्या देवळामागची धर्मशाळा. गाभाऱ्याची मागची भिंत आणि विज्ञानाच्या खोलीची पुढची भिंत एकच. खोलीला खिडकी एक, फूटभर, तीही ओढ्याच्या अंगाला. झोपायला आलेल्या यात्रेकरूला उजेड कशाला हवा, असा बांधणाऱ्याने विचार केला असावा. पुढे तिथे शाळा भरू लागली तेव्हाही तो विचार कुणी बदलला नाही. अकोले तालुक्यातल्या आमच्या त्या डोंगरपट्ट्यात जूनमध्ये आभाळ एकदा खाली उतरलं की सप्टेंबरपर्यंत वर जात नाही. ते चार महिने त्या खोलीत फळा दिसायचा नाही. पहिल्या बाकाला अर्धा दिसे, बाकीच्यांनी तो आहे असं समजून चालायचं. सर फळ्यावर लिहीत आणि लिहिलेलं पुन्हा तोंडाने सांगत. मग विज्ञानात इतकी मुलं नापास का होतात, यावर संस्थेची बैठक होई. बैठक अर्थातच ओसरीवर भरे, चांगल्या उजेडात.

सरांना दिवा हवा होता तो या खोलीत. दुसरं काही मागताना मी त्यांना पाहिलं नाही. दर जूनला ते शाळेला वीज मिळावी म्हणून अर्ज करत आणि दर वेळी उत्तर येई की अर्ज विचाराधीन आहे. हा शब्द त्यांना इतका आवडला होता, की चहा यायला उशीर झाला की ते विचारत, 'काय, विचाराधीन का?'

सर नगरचे. घरचा धंदा अत्तराचा, भाऊ अजून तोच करत. सर एकटेच शिकले आणि त्यामुळे घरात वाया गेलेले समजले जात. बायकोमुलं नगरला, सर इथे एका खोलीत, महिन्यातून एखाद्या शनिवारच्या एसटीने घरी आणि सोमवारी पहाटेच्या एसटीने परत. सडसडीत अंगकाठी, कानामागे खडू आणि तोंडात कायम एक वाक्य: 'सिद्ध करा.' कुणी म्हटलं आज पाऊस येणार, की 'सिद्ध करा.' हेडमास्तर म्हणाले शाळेची प्रगती होत आहे, की 'सिद्ध करा.' माझ्या लग्नाची बोलणी चालली होती तेव्हा मी मुलगी सुस्वभावी असल्याचं सांगितलं. सरांनी नुसतं माझ्याकडे पाहिलं. मीच म्हणालो, लग्न झाल्यावर सिद्ध करतो.

दिव्याच्या शोधाचा धडा म्हणजे त्यांचा सण. पुस्तकात एका अमेरिकन साहेबाचं नाव ठळक अक्षरात होतं. सर ते कधी उच्चारत नसत, ते त्याला मुकादम म्हणत. त्याच्या कितीतरी आधीपासून लोक तारा तापवून उजेड काढत होते. कुणी प्लॅटिनमची तार घेतली, ती परवडेना. कुणी कोळशाची कांडी घेतली, ती हवेत जळून गेली. विलायतेत एकाने काचेतली हवा उपसून कांडी पेटवून दाखवलीसुद्धा. मुकादमाने काय केलं, तर कारखाना घातला, हाताखाली माणसं ठेवली आणि त्यांच्याकडून दोरा, कागद, लाकूड आणि शेवटी जपानचा बांबूही जाळून पाहिला. काच फुंकणारा वेगळा, हवा उपसणारा वेगळा, बांबू सोलणारा वेगळा. मग नाव कुणाचं लागलं, असं सर विचारत. मागल्याच दुष्काळात वर्गातली निम्मी पोरं आईबापांबरोबर रस्त्याच्या कामावर खडी फोडून आलेली होती. त्यांना समजावून सांगावं लागत नसे. मुकादमाचं, असं वर्ग एका आवाजात म्हणे.

एकदा तपासणीला आलेल्या साहेबांनी नेमका हाच प्रश्न विचारला. पहिल्या बाकावरची मुलगी उभी राहिली आणि म्हणाली, शोध कामगारांनी लावला साहेब, नाव मुकादमाचं लागलं. साहेबांनी शेऱ्याच्या वहीत लिहिलं की विज्ञानाचे अध्यापन पाठ्यपुस्तकास धरून नाही. सरांनी शेरा वाचला, खाली सही केली आणि सहीपुढे लिहिलं, 'सिद्ध करा.' साहेबांची जीप ओढ्यापलीकडे गेल्यावर हेडमास्तरांनी ते पान खळीने पुढच्या पानाला चिकटवून टाकलं.

बांबूनंतर टंगस्टन. केसाहून बारीक तार, तिला वेटोळी घातलेली. उघड्या हवेत तापवली तर जळून खाक, म्हणून काचेत कोंडायची. नुसत्या पोकळीत ठेवली तर तापून कणाकणाने उडून जाते, म्हणून न जळणारा वायू भरायचा. एवढे लाड करूनही ती झिजते ती झिजतेच. जुन्या बल्बच्या काचेला आतून काळपट डाग दिसतो, तो म्हणजे उडालेली तार. हे ऐकून मी एकदा शिक्षकांच्या खोलीत भारावून म्हणालो की पाहा, दुसऱ्याला उजेड देण्यासाठी बिचारा स्वतः झिजतो. सरांनी बशीतला चहा संपवला. मग म्हणाले, "मराठीवाले, तो झिजतो कारण आपण त्याला भलता तापवतो. जरा कमी तापवा, किती तरी पट टिकेल. त्यात त्यागबिग काही नाही."

दुष्काळ सरला त्या सालच्या पावसाळ्याच्या तोंडी गावात वीज आली. ती आधी सरपंचांच्या घरी गेली, मग चावडीत, मग देवळात. शाळेपर्यंत येईतो खांब संपले. सरपंच म्हणजे आबा. गावचे सरपंच तेच आणि आमच्या संस्थेचे अध्यक्षही तेच, त्यामुळे एका आबांनी मागितलेलं दुसऱ्या आबांनी नाकारण्याची सोय होती. दुष्काळात आबांनी नवस बोलला होता, की पाऊस झाला तर भैरोबाला विजेचा नंदादीप लावीन, दिवसरात्र जळणारा, कधी न जाणारा. विजेचा दिवा वाऱ्याने जात नाही, एवढंच आबांना विजेबद्दल ठाऊक होतं.

पाऊस झाला, नंदादीप लागला आणि दिवसातून चार वेळा जायला लागला. आमच्याकडे दिवेलागणीला हात जोडायची रीत. आता लाईट दिवसातून चारदा यायची, तेव्हा गाव दिवसातून चारदा हात जोडू लागलं. धर्म इतक्या झपाट्याने वाढलेला मी पुन्हा पाहिला नाही. शेवटी गावाने बसून निवाडा केला. लाईट गेली तर ते पाप वीजवाल्यांचं, बल्ब उडाला तर ते पाप गावाचं. आणि गावाचं पाप म्हटल्यावर प्रायश्चित्त आलंच. बल्ब उडाला की नवा लागेपर्यंत कुणी चुलीवर तवा चढवायचा नाही.

निवाडा सुरेख होता. पण विजेचा दाब पहाटे एकदम चढायचा आणि बल्ब पंधरा दिवसांना एक या चालीने उडू लागले. माणूस राजूरला जाऊन बल्ब घेऊन येईपर्यंत गाव उपाशी. पोरं शाळेत येत ती पोटाला चिमटा घेऊन. टंगस्टनचा आणि भाकरीचा संबंध एवढा थेट असल्याचं सरांच्या कुठल्या पुस्तकात नव्हतं.

मग आबांनी सरांना बोलावलं. बल्बाचं शिकवता ना, मग हा दिवा वर्षभर टिकवून दाखवा. टिकला तर शाळेला लाईट, असं ते म्हणाले. सर म्हणाले, लिहून द्या. आबा म्हणाले, आमच्या जबानीवर गाव चालतंय. सरांनी मग काय करावं लागेल ते नीट सांगितलं. दिव्यावरचा दाब अर्धा करायचा. त्यासाठी त्याच तारेवर पुढे दुसरा तसाच बल्ब बसवायचा, म्हणजे वीज एकातून दुसऱ्यात जाईल आणि जोर दोघांत वाटला जाईल. कमी तापल्यामुळे दोघंही टिकतील, पण उजेड मंद पडेल.

"मंद चालंल," आबा म्हणाले. "देवाला काय पेपर वाचायचा हाय? पर दिवा इझता कामा न्हाई."

दुसरा बल्ब कुठे बसवणार, हे आबांनी विचारलं नाही आणि सरांनी सांगितलं नाही. विचारलं असतं तर सांगितलं असतं, असं ते नंतर मला म्हणाले. मी ते सिद्ध करायला सांगितलं नाही.

एका रविवारी काम झालं. सर गाभाऱ्याच्या उंबऱ्याबाहेर उभे राहून सांगत होते आणि आत नामदेवबुवा गुरव होल्डर बसवत होते. बुवा सरांच्याच वयाचे. भैरोबाची पूजा पिढ्यान्‌पिढ्या त्यांच्या घराकडे होती आणि पूजेखेरीज त्यांच्याकडे दुसरं काही नव्हतं. देवापुढचा अर्धा नारळ आणि खळ्यावरची पसाभर बाजरी-नागली, यावर घर चाले. मागच्या भिंतीला भोक पाडून तार विज्ञानाच्या खोलीत काढली आणि तिथे दुसरा साठ वॅटचा बल्ब फळ्यावर टांगला. या सगळ्या उद्योगातला माझा वाटा म्हणजे मी स्टूल धरलं होतं. बुवांनी एकच शंका काढली. सर, मागचा दिवा बी देवाचाच का, असं त्यांनी विचारलं. सर म्हणाले, एकाच तारेवर आहेत बुवा, तुम्हीच ठरवा. बुवांनी लगेच ठरवलं. दुसऱ्या दिवसापासून भैरोबाला फुलं वाहून झाली की एक फूल ते विज्ञानाच्या खोलीच्या उंबऱ्यावर ठेवून जाऊ लागले.

गाभाऱ्यात तांबूस, मंद उजेड पडला. गावाला तो फार आवडला. देव शांत झाल्यासारखा वाटतो, असं बायका म्हणू लागल्या. आमच्या खोलीतही तेवढाच पडला, म्हणजे निखाऱ्याएवढा. त्यात फळा वाचणं शक्य नव्हतं, पण तारेची वेटोळी डोळ्यांनी दिसत. सरांनी अख्ख्या अकरावीला एकेक करून स्टुलावर चढवलं आणि ती दाखवली. सोळा वर्षांनी पहिल्यांदा त्यांच्या वर्गात पेटलेला बल्ब होता. मला वाटलं आता तरी खूश होतील. सर पावसाळी दुपारी फळ्यापुढे उभे राहत, त्या निखाऱ्याकडे बघत आणि म्हणत, "विचाराधीन."

असे अकरा महिने गेले. बल्ब उडाला नाही, तवा उतरला नाही. सर भिंतीवरच्या कॅलेंडरात रोज एक रेघ मारत. त्यांच्या निवृत्तीला वर्ष उरलं होतं. एक पावसाळा उजेडात शिकवायला मिळाला म्हणजे झालं, असं ते एकदा सरळ बोलून गेले आणि मग आपण असं बोललो याचा राग आल्यासारखे छत्री घेऊन निघून गेले.

आणि तेवढ्यात शेजारच्या गावाने आपल्या देवीपुढे शंभर वॅटचा बल्ब लावला. तिथवर ठीक होतं. पण राजूरच्या बाजारात त्यांच्यातल्या एकाने आबांना विचारलं की तुमच्या भैरोबाला मोतीबिंदू झालाय का. आबांना ते इतकं लागलं, की त्यांनी मुंबईच्या जावयाला सांगून दोनशे वॅटचा बल्ब मागवला. दुधीभोपळ्याएवढा बल्ब आला. आषाढातल्या एका रविवारी त्याची वाजतगाजत मिरवणूक निघाली. ताटात बल्ब, बल्बाला हळदकुंकू, पुढे सनई. सर घाईघाईने आबांना गाठायला गेले. मोठा बल्ब लावू नका, उलटं होईल, असं सांगू लागले. आबा हसून म्हणाले, "सर, आज शास्त्र नगं. आज कार्यक्रम हाय."

बुवांनी साठचा काढून दोनशेचा लावला. आबांनी नारळ फोडून बटण दाबलं. आणि दोनशे वॅटच्या त्या भोपळ्यात एक लालसर दोरा दिसला न दिसला इतकाच. बाकी गाभारा अंधार. सनईवाला एक सूर लावून तसाच थांबला.

यात चमत्कार काही नाही. मोठ्या बल्बची तार जाड असते. जाड तारेतून वीज बिनबोभाट निघून जाते, बारीक तारेत ती अडते आणि जिथे अडते तिथे तापते. दोन्ही एकाच वाटेवर असले की सगळा जोर बारीक तारेवर पडतो. देवाला दोनशेचा मान देताच देव थंड पडला आणि भिंतीमागे, बंद शाळेत, साठचा बल्ब पुरा पेटला. दाराच्या फटीतून आलेली उजेडाची रेघ मला शाळेच्या ओसरीवर दिसली. गावात हे कळणारी माणसं दोन, एक सर आणि एक मी. सर माझ्या शेजारी उभे होते. ते आता पुढे होऊन सांगणार म्हणून मी बघत होतो. सर हळूच म्हणाले, "उद्या पाचवा तास माझा आहे."

पुढच्या नऊ दिवसांत मी जे सर पाहिले ते आधी कधी पाहिले नव्हते. बाहेर आभाळ फाटलेलं आणि आत फळा लख्ख. सरांचं अक्षर अतिशय सुंदर आहे, हे शाळेला सतरा वर्षांनी कळलं. शेवटच्या बाकावरचं पोरगं उभं राहून फळ्यावरचं वाचून दाखवी आणि सर त्याला उगाच पुन्हा वाचायला लावत. त्यांनी माझे व्याकरणाचे तास घेतले, हेडमास्तरांचे इतिहासाचे घेतले, मधल्या सुट्टीतसुद्धा वर्ग सोडेनात. अधाशासारखे शिकवत होते. मुलं दमली, पण एकानेही कुरकुर केली नाही, कारण दिसत होतं.

भिंतीच्या पलीकडे मात्र गाव बुचकळ्यात पडलं होतं. शाळेत काय चाललंय हे घरी सांगायची पोरांना सवय नव्हती आणि विचारायची घरच्यांना नव्हती. आधी ठरलं की मुंबईने फसवलं. मग संगमनेरहून दुसरा दोनशेचा आणला. तोही तसाच. दोन बल्ब खोटे निघत नाहीत, तेव्हा खोट माणसात असणार, इथवर गावाचं शास्त्र बरोबर चाललं होतं. मग कुणाला तरी आठवलं की नामदेवबुवा महिन्यामागे मेहुण्याच्या मयताला गेले होते. सुतक पुरं न फेडता त्यांनी देवाला हात लावला, म्हणून देवाने डोळे मिटले. पूजा त्यांच्याकडून काढून खालच्या गावातल्या त्यांच्या चुलतभावाला द्यायची, असं आबांनी मनाशी पक्कं केलं. निकाल ठरला की मग सभा बोलवायची, ही तिकडची पद्धत.

सरांना हे मी सांगितलं. त्यांनी बशी खाली ठेवली. सभा कधी आहे, विचारलं. आज, आरतीनंतर, असं मी म्हणालो. आबांच्या अटीचं वर्ष भरायला तेव्हा चौदा दिवस राहिले होते. खरं सांगायचं तर सरांनी गप्प राहावं असं मला मनापासून वाटत होतं. शाळेला लाईट मिळाली असती, सरांना त्यांचा पावसाळा मिळाला असता आणि स्टूल कुणी धरलं होतं हे कुणाला कळलं नसतं. राहता राहिले बुवा. त्यांची दया मला येत होती, पण दया यायला काही खर्च पडत नाही.

आरती झाली. सभामंडपात बुवा खांबाला टेकून मान खाली घालून बसले होते. आबांनी घसा साफ केला, तेवढ्यात सर पायरीवर उभे राहिले.

"आबा, यात बुवांचा काही दोष नाही. मी सिद्ध करतो."

ते मागे शाळेत गेले आणि फळ्यावरचा बल्ब काढला. गाभाऱ्यातला तो लाल दोराही गेला. त्यांनी बल्ब परत लावला, दोरा आला. तीनदा त्यांनी असं केलं. मग बुवांकडून दोनशेचा काढून जुना साठचा लावून घेतला आणि देवाचे डोळे उघडले. मग मंडपात येऊन सर बोलायला लागले. जाड तार, बारीक तार, दाब, वाटणी, सगळं. दुसरा दिवा कुठे आहे, कसा बसवला आणि नऊ दिवस आपण त्यात काय केलं, तेही. म्हातारेकोतारे तोंड उघडं ठेवून ऐकत होते. इतका चांगला तास मी आयुष्यात ऐकला नाही.

मग मागून एक जण बोलला, म्हंजी देवाचा उजेड शाळेनं खाल्ला. दुसरा त्याहून हळू आवाजात बोलला. त्याने सरांचं नाव घेतलं नाही, नुसतं 'त्यांच्यातले' म्हणाला. ते सगळ्यांना ऐकू गेलं. मी माझ्या चपलांकडे बघत होतो. त्या वेळी उभं राहून, स्टूल मी धरलं होतं, एवढं एक वाक्य मी बोलायला हवं होतं. मी मराठीचा शिक्षक, वाक्यं बनवणं हा माझा धंदा. मला ते जमलं नाही आणि त्याची लाज अजून गेलेली नाही.

उठले ते बुवा. हात जोडून, पण आवाज चढवून म्हणाले, "आतला दिवा म्या बसवलाय. सर उंबऱ्याच्या आत पाऊल टाकलं न्हाईत. हात माजे हायेत, काय करायचं ते माज्या हातांचं करा."

आबा बराच वेळ विचार करत होते. अडाणी माणूस नव्हता तो. सगळं समजल्याचं त्यांच्या तोंडावर दिसत होतं. शेवटी म्हणाले, "समदं ध्यानात आलं, सर. आता येवढंच सांगा, देवाला किती वॅटचा लावू?"

निकाल लागला. पूजा बुवांकडेच राहिली. देवाची तार देवाला, म्हणून शाळेची तोडायची आणि दोनशेचा बल्ब सरळ जोडायचा. शाळेच्या लाईटचं काय, असं सरांनी विचारलं. आबा म्हणाले की वरीस कुठं पुरं झालं, आन दिवा तर मधीच बदालला. आबा शब्दाचे पक्के होते. शब्दात जेवढं बसतं तेवढं सगळं पाळत.

दुसऱ्या दिवशी भर पावसात वायरमन आला. शिडीखालचा चिखल सरकत होता, म्हणून सरांनी ती दोन्ही हातांनी धरून ठेवली. वरून तो तार तोडत होता आणि खालून सर त्याला पाय जपून टाकायला सांगत होते. देवापुढचा दोनशेचा बल्ब त्यानंतर आठवड्याने उडाला आणि गावाने दीड दिवस तवा चढवला नाही.

मी ती नोकरी श्रावण संपता संपता सोडली. दुसरीकडे पक्की मिळत होती. सरांना शेवटचं पाहिलं ते निघायच्या दिवशी, सामान एसटीवर चढवून निरोप घ्यायला गेलो तेव्हा. पाऊस धरलेला, दुपार असून अंधारलेलं. पाचवा तास चालू होता. दारापाशी गेलो तर खोलीत उजेड दिसला. नामदेवबुवा भैरोबाची पितळेची दिवटी तेल घालून, पेटवून घेऊन आले होते आणि हात उंच करून फळ्यापाशी उभे होते. देवाला आता दोनशे वॅट होते, दिवटीला काम नव्हतं. पाऊस असेल त्या दिवशी ते पाचव्या तासाला असेच येतात, असं दारातल्या मुलाने मला सांगितलं.

सहामाही परीक्षा जवळ आली होती. सरांनी त्या दिवटीच्या उजेडात फळ्यावर ठरलेला प्रश्न लिहिला, 'विजेच्या दिव्याचे फायदे सांगा', आणि वर्गाकडे वळले.

"लिहा. फायदा पहिला. विजेचा दिवा कुणाला हातात धरून उभं राहावं लागत नाही." मग मागे न बघता म्हणाले, "बुवा, हात भरून आला असेल. बसा थोडं."

बुवा बसले नाहीत.